डंबेलखालची फरशी

मेहकरला आम्ही भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहतो, खाली घरमालकीण काकू. शाळेत शिकवून शिकवून माझी पाठ कामातून गेली होती. डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितलं, तेव्हापासून सकाळी शाळेआधी मी मागच्या खोलीत डंबेल उचलते. पाठ आता दुखत नाही. मी पुन्हा फळ्यासमोर ताठ उभी राहते.

डंबेल खाली ठेवताना धप्प होतं, हे मला मान्य आहे. पण तो आवाज काकू कित्येक महिने ऐकत होत्या आणि चकार शब्द बोलल्या नव्हत्या. एकदा तुरीच्या शेंगा द्यायला वर आल्या, माझ्या हातातलं लोखंड पाहिलं आणि दारातच थबकल्या.

"बाई! मले वाटे, तू मिरच्या कुटून राह्यली."

दुसऱ्या दिवसापासून त्याच आवाजाने त्यांचं डोकं ठणकू लागलं, बीपी वाढलं, घराला तडे जाण्याची भीती वाटू लागली. मिरच्या कुटते तोवर मी गुणाची, आणि पाठ सरळ करते म्हटल्यावर घर पाडायला निघालेली! मला असा संताप आला की विचारू नका. काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, आवाज बंद करा नाहीतर ते लोखंड बंद करा. शिवाय फरशीवर काही अंथरायचं तर खिळा नको, गोंद नको. नवरा म्हणाला, भाड्याचं घर आहे, जाऊ दे. मी कशाला जाऊ देऊ?

नवऱ्याला घेऊन खामगावला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले, आवाज दाबणारं काहीतरी खाली अंथरायला. प्रश्न मी विचारत होते, दुकानदार उत्तरं नवऱ्याला देत होता. आधी त्याने फुलाफुलांची योगाची चटई पसरली, लेडीजला हेच चालतं म्हणाला. मग लहान मुलांचे रंगीत फोमचे तुकडे. त्यावर माझा पाय रुतला, वजन घेऊन उभी राहिले असते तर घोटाच मुरगळला असता. माझं डोकं फिरलं. वजन मी उचलते तेव्हा फरशीही मीच निवडणार, असं सांगून कोपऱ्यातले जाड काळ्या रबराचे चौकोन काढायला लावले. दातेरी कडा एकमेकींत बसतात, गोंद लागत नाही, घर सोडताना सुटे करून नेता येतात. टाच दाबून पाहिली. मग दुकानातलाच एक डंबेल वरून सोडून दिला. दुकानदार दचकला, रबराने हूं की चूं केलं नाही.

खोलीला टायरच्या दुकानाचा वास सुटला, पण आवाज खरोखर थांबला. आठवड्याने काकू वर आल्या. मी मोठ्या ऐटीत विचारलं, आता काही ऐकू येतं का?

"आवाज नाही येत वं," काकू म्हणाल्या. "पण वरतं तू तेच करून राह्यली ना?"

म्हणजे आवाजाचं नुसतं निमित्त होतं. नवरा मध्ये पडून काहीतरी गोड बोलणार, हे मला दिसलं.

"हाव काकू, तेच," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोरच वाकून डंबेल उचलला.