कारभाऱ्यांनी शिवलेला कोट

कारभाऱ्यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या तोंडात फेस होता आणि अंगावर टॉवेल. दारावर अशा थापा पडत होत्या की इमारतीला आग तरी लागली असावी, नाहीतर युद्ध तरी पुकारलं गेलं असावं. तसाच धावलो. दारात एक किरकोळ म्हातारा, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की कुणी गेल्याची बातमी घेऊन आलाय. म्हणाला, "नळ."

मी ब्रश तोंडात धरून विचारलं, कुठला नळ?

"तुमचा. दात घासायला घेतल्यापासून वाहतोय. खाली ऐकू येतं."

माझा नळ, माझं पाणी, असं काहीतरी मी फेसातून म्हणालो. त्यावर ते नम्रपणे म्हणाले, "पाणी देवाचं. आपण नुसते कारभारी." आणि आत येऊन, नळ बंद करून, निघून गेले.

तेव्हापासून सगळ्या जिन्यात ते कारभारी झाले. एरवी हे नाव बायकोनं द्यायचं, पण त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं लोटली होती.

जन्मभर त्यांनी शिंप्याच्या दुकानात कापड बेतण्याचं काम केलं. त्यांच्या कात्रीतून उरलेल्या चिंधीत बाहुलीचा रुमालसुद्धा झाला नसता. तीच कात्री त्यांनी आयुष्यावर चालवली. मिळकतीचा दहावा हिस्सा आधी चर्चला. वॉचमनची बायको आजारी पडली तेव्हा औषधं यांच्या पाकिटातून आली. स्वतःसाठी मात्र दाढीचं पातं बदलायचं तर त्यांना उपास-प्रार्थना करावी लागे. शरीर देवानं राहायला दिलेलं घर आहे, भाडेकरूनं भिंतीत खिळे ठोकू नयेत, असं ते म्हणत. आणि साखर, तंबाखू, लिफ्ट हे सगळे त्यांच्या लेखी खिळेच. चर्चमध्ये ऊन आलं की उपदेश चालू असतानाच उठून एकेक दिवा मालवायचे. शेवटी पाळकसाहेबांनी व्यासपीठावरूनच विनंती केली की पुस्तक दिसण्यापुरता एक राहू द्या.

मुलगी समुद्रापलीकडे राहायची. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. फोनशेजारी अंडी उकडायचं वाळूचं घड्याळ. वाळू संपली की, "बरं, ठेवतो. तुझे पैसे जातात." मग फोनवर हात ठेवून तसेच बसून राहायचे. माझा वाचून झालेला पेपर द्यायला मी उतरलो की ते तिथेच असत. खोलीत अंधार पडत आलेला, पण एकट्या माणसासाठी दिवा कशाला लावायचा?

एकदा त्या मुलीनं मलाच फोन केला. "काका, पप्पा माझ्यावर रागावलेत का? दोन शब्द बोलतात आणि ठेवतात. माझी मुलगी विचारते, आजोबांना आपण आवडत नाही का."

मी खाली जाऊन सांगितलं. कारभारी पांढरे पडले. "मी तिचे पैसे वाचवत होतो हो."

"ते वाचले. आता मुलगी वाचवा."

पुढच्या रविवारी त्यांनी घड्याळ आडवं ठेवलं आणि दुपारभर बोलले. कपाटात एक लोकरी कापड होतं, बायकोनं त्यांच्या कोटासाठी घेतलेलं; फार चांगलं, म्हणून कधीच न बेतलेलं. ते आता नातीसाठी निघालं. माप फोनवरच घेतलं. पलीकडे पोरगी गुदगुल्यांनी खिदळतेय, आई टेप धरून ओरडतेय, "हात सरळ कर, आजोबांची ऑर्डर आहे!" हे सगळं सांगायला कारभारी स्वतः वर आले. माझा नळ चालू होता. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

कोट मात्र ते फक्त खिडकीच्या उजेडात शिवायचे. वीजही देवाचीच. ढग आले की सुई खाली. वाढत्या अंगाचं म्हणून बाह्यांत दोन बोटं कापड आत दुमडलेलं. उसवून सोडलं की झालं, हे त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. उन्हाळ्यात सुरू झालेला कोट थंडी पडायला आली तेव्हा पुरा झाला. मुलगी म्हणाली, पोस्टानं पाठवू नका पप्पा, घेऊनच या, तिकीट मी काढते.

ते आठवडाभर जिन्यात माझ्याशी नीट बोलले नाहीत. मग विचारलं, "एवढ्याशा कोटासोबत एवढा मोठा माणूस विमानानं न्यायचा. केवढं इंधन. वर गेल्यावर काय हिशेब देऊ?"

"सांगा, नात बघायला गेलो होतो."

हसले. खूप दिवसांनी मोकळे हसले. मी त्यांच्यासाठी माझ्या माळ्यावरची सूटकेस काढून, पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारी कोट घेऊन निघाले आणि तासाभरात पोस्टातून परत आले.

पार्सल पोचेपर्यंत नात वाढली होती. बाह्या आखूड झाल्या. आतलं कापड उसवून देणारं तिकडे कोणी नव्हतं.