नाटकाची साडी

वहिनीसाहेबांनी माझ्या अंगावरच्या साडीचा पदर दोन बोटांच्या चिमटीत धरून वर उचलला आणि माईकवर म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात अस्सल! आमची भांडेवालीसुद्धा इतकी खरी दिसत नाही."

मंडप हसला.

वहिनीसाहेब म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थाचालकांच्या बायको. माजलगावात त्यांना याच नावानं ओळखतात. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी आठवीत होते. उत्कृष्ट वेशभूषेचं बक्षीस मला मिळालं होतं.

"बाळा, कुठून शोधलीस गं ही साडी? सांग सगळ्यांना."

माईक माझ्या तोंडापुढं आला. मला बोलता आलं नाही.

"लाजली!" वहिनीसाहेब म्हणाल्या. मंडप परत हसला.

साडी माझ्या मायची होती. माय सगळ्यात मागं, चपलांच्या ढिगापाशी उभी होती. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात कामाला जाताना नेसायच्या रोजच्या साडीत. कारण चांगली साडी माझ्या अंगावर होती. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तीही वाजवत होती. मग वहिनीसाहेबांचं बोलणं तिच्या कानात शिरलं. तिचे हात थांबले. एकमेकांपासून वीतभर लांब, हवेत, तसेच.

ते हात मला अजून दिसतात.

हे सगळं एका पुस्तकावरनं झालं.

आधी शाळेचं सांगते. माझे अण्णा मोंढ्यात हमाल. माय त्याच मोंढ्यात धान्य चाळायची, निवडायची. आमच्यासारख्यांची पोरं त्या शाळेच्या फाटकातून आत जात नसतात. पण एका साली बाजार समितीची निवडणूक लागली. संस्थाचालक उभे होते. तिथं हमाल-मापाड्यांची मतं असतात. त्या साली हमालांच्या चार पोरांना फी माफ झाली. त्यात मी. अण्णा गल्लीत सांगत फिरले, "इलेक्शन आलं आन् माझ्या पोरीचं नशीब निघालं."

सात वर्षं त्या शाळेत माझी जीभ तासली. 'न्हाई' म्हटलं की बाकावर उभं. 'लई' म्हटलं की वर्गाबाहेर. मी शिकले. शाळेच्या फाटकात एक बोली काढून ठेवायची, दुसरी घालायची. चपला काढाव्या तसं.

आठवीत अवांतर वाचनाची यादी आली. यादीत पहिलंच पुस्तक म्हणजे एक किशोर कादंबरी. नाव घेत नाही. घेतलं तर आणखी चार प्रती खपतील. तशीही ती लई खपलेली. पुण्याच्या एका सोसायटीत राहणारी चार पोरं, त्यांच्या सायकली, सोसायटीत झालेली चोरी आणि त्यांनी लावलेला तपास. त्या पोरांची म्होरकी ईशा. लाल हेल्मेट घालणारी, कुणाला न भिणारी. आणि एक हौसा. भांडेवालीची पोरगी. ती मधूनमधून येते, काहीतरी येडं बोलते, पोरं हसतात. शेवटी पोरं तिला सही करायला शिकवतात. ती रडते आणि म्हणते, "लई उपकार झालं ताई."

लायब्ररीतली प्रत मला मिळाली. रविवारी मोंढा बंद होता. पोत्यांच्या थप्पीवर बसून मी एका दमात वाचली. शाळेच्या धड्यांशिवाय मी वाचलेलं ते पहिलं पुस्तक. काय सांगू तुम्हाला, वाचताना मी ईशा होते. सायकल माझी. हेल्मेट माझं. अंधाऱ्या पार्किंगमध्ये चोराच्या मागं मीच गेले. हौसा मला धड दिसलीसुद्धा नाही. ती बोलली की पोरं हसायची, मीही हसले. त्या पुस्तकात मी भांडी घासणारी आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी मिसनं सांगितलं. मराठीची मिस. वाईट बाई नव्हती. मायेनंच वागायची. म्हणाली, आपण कादंबरी पात्रं वाटून वाचू आणि गॅदरिंगला तिचं नाटक करू. "ईशा कोण होणार?"

सगळ्यांत आधी माझा हात वर.

मिस माझ्याकडं बघून हसली. "अगं, तुला हौसा! तुझ्याशिवाय कोण करणार ती? तू घरी बोलतेस ना, अगदी तसंच बोलायचं."

ईशा झाली शेठची पोरगी. शेठ म्हणजे ज्यांच्या आडत दुकानात अण्णा पोती वाहायचे ते.

मी वाचलं. ज्या बोलीसाठी सात वर्षं बाकावर उभी राहिले, त्याच बोलीत. वर्ग पोट धरून हसला. मिसच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. मला वाटलं, मी चांगलं वाचते. खरंच वाटलं. घरी जाऊन सांगितलं, "माय, मी बोलले की समदे हसत्यात. मिस म्हणती माझ्यासारखं कुणालाच जमत न्हाई."

"मंग? पोरगी कुणाची हाय!" माय म्हणाली.

पुढं वेशभूषेचं निघालं. मिस म्हणाली, "घरून एखादी जुनी, विटकी साडी आण. मोलकरणीला शोभेल अशी."

मी मायला तसंच सांगितलं. मायला राग आला. "जुनी कावून? स्टेजवर जायाचं आन् जुनी नेसून? लोक काय म्हन्तील, घरात काई हाय का न्हाई?" तिनं ट्रंक उघडली. तळातली साडी काढली. मेंदी रंगाची, बारीक जरीची. मामानं माझ्या बारशाला घेतलेली. माय ती फक्त लग्नाकार्यात नेसायची. घरी आली की घडी घालून, डांबरगोळ्या टाकून परत ट्रंकेत. आमच्या घरात त्या साडीपेक्षा चांगलं काहीच नव्हतं.

मी ती पिशवीत घालून शाळेत नेली. मिस ओरडणार. एवढी भारी साडी कशाला आणलीस, मी विटकी सांगितली होती ना, असं म्हणणार. काय उत्तर द्यायचं ते मी वाटेनं घोकत गेले.

मिसनं पिशवीतून साडी काढली. झटकली. उजेडात धरली.

"अगं, परफेक्ट! अगदी अशीच हवी होती मला."

मी घोकलेलं उत्तर तसंच राहिलं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. नाही कळलं. मला उलट बरं वाटलं, की मिस ओरडली नाही. कळलं ते स्टेजवर. पदर चिमटीत गेला तेव्हा.

त्या दिवशी घरी जाताना माय पुढं, मी मागं. ट्रॉफी माझ्या हातात. घरी आल्यावर तिनं साडी माझ्या अंगावरून उतरवून घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"डाग न्हाई ना पडला?" एवढंच म्हणाली.

न्हाई पडला, मी सांगितलं. तिनं घडी घातली. ट्रंक बंद केली.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव हौसा. वर्गात हौसा, मैदानावर हौसा, पाण्याच्या टाकीपाशी हौसा. हजेरी सोडली तर माझं खरं नाव त्या शाळेत कुणी घेईना. शेठच्या पोरीनं घरी सांगितलं असणार. शेठ अण्णांना म्हणाले, "काय हौसाचे बाप, झाली का गाडी खाली?" दुकानात बसलेले हसले. अण्णा पण हसले. आडतीत मालक हसला की हमालानं हसायचं असतं. ती रीत आहे.

पंधरा-वीस दिवसांनी मिस वर्गात आली ती आनंदातच. आपलं नाटक जिल्ह्याच्या स्पर्धेला, बीडला जाणार. तिनं मला उभं केलं. "हौसा, शेवटचा प्रवेश वाच बरं. आणि हो, साडी तीच आण हां."

मी उभी राहिले. पुस्तक उघडलं. 'लई उपकार झालं ताई' हे वाक्य समोर होतं. माझ्या डोळ्यांपुढं मायचे हात आले. माझ्या तोंडून निघालं,

"म्या न्हाई करनार."

वर्ग हसला. मिसनं टाळी वाजवली. "वा! काय बेअरिंग पकडलंय बघा!"

नीट ऐका. मी नाही म्हणाले, आणि त्यांना ते हौसाचं वाक्य वाटलं. माझा नकारसुद्धा माझा राहिला नाही. तोही त्यांच्या नाटकात गेला. माझ्याकडं दुसरी बोली होती, फाटकात चढवायची. पण राग आला की माणूस मायच्या बोलीत बोलतो. मी काय करणार होते?

मग मी तोंड मिटलं.

मिस म्हणाली वाच. मी पुस्तक धरून उभी. मिस म्हणाली लाड पुरे. मी उभी. तास संपेपर्यंत उभी. दुसऱ्या दिवशी तेच. वर्ग आधी हसला, मग कंटाळला. तोंडी परीक्षेत मिसनं भोपळा दिला. मला बाजूला नेऊन म्हणाली, "पुढच्या वर्षीची फी माफ होणार की नाही ते साहेबांच्या हातात आहे, कळतंय ना? स्पर्धेला साहेब स्वतः येणार आहेत." गोड आवाजात म्हणाली. मला कळत होतं. मी तोंड उघडलं नाही. स्पर्धेला हौसा दुसऱ्याच पोरीनं केली, शाळेनं भाड्यानं आणलेल्या साडीत.

नववीला ऑफिसात सांगितलं, फी भरा नाहीतर दाखला न्या.

अण्णा संस्थाचालकांच्या बंगल्यावर गेले. चपला फाटकाबाहेर काढून पायरीपाशी उभे राहिले. "साहेब बीडला गेलेत." परत गेले. "साहेब मीटिंगमध्ये हायेत." निवडणूक कधीच होऊन गेली होती. घरी येऊन अण्णा माझ्यावर बरसले. "काय बिगडत व्हतं गं? पाच मिन्टं पदर खोसून हुबं ऱ्हायाचं, येवढंच ना? आमी जलमभर हुबं हाओत!"

"पोरीला नका बोलू," माय म्हणाली. फक्त तेवढंच.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. तिथं 'लई' म्हटलं तर कुणी बाकावर उभं केलं नाही. दहावी झाले, बारावी झाले, इथल्याच कॉलेजातून पदवी घेतली. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. आमच्या गल्लीतल्या सगळ्या हमालांच्या घरांत मी पहिली. हे मी मान वर करून लिहिते.

कॉलेजच्या पदवीदानाला मायला न्यायचं होतं. मी ट्रंक उघडायला वाकले. मेंदी रंगाची साडी काढायला.

"ती नगं," माय म्हणाली.

"का गं? चांगली हाय की."

"ती नाटकाची हाय."

"माय, ती तुझी साडी हाय."

"व्हती."

ती रोजच्यातलीच एक धुऊन नेसून आली. तेव्हा मला कळलं, की माय त्या गॅदरिंगनंतर एकाही लग्नात ती साडी नेसलेली नाही. मामाच्या पोरीच्या लग्नातसुद्धा नाही. माझं लक्षच नव्हतं. त्यांनी एक साडी चिमटीत धरली आणि माझ्या मायच्या घरातली एकुलती एक चांगली गोष्ट नेली. चोरी म्हणावं तर साडी ट्रंकेतच आहे. तक्रार कुठं करायची? काय लिहायचं तिच्यात?

आता मी मोंढ्याजवळच्या एका दुकानात झेरॉक्स काढते, लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. पदवी आहे, नोकरी नाही. या जूनमध्ये त्या शाळेचा शिपाई वाचनाची यादी घेऊन आला. प्रती मीच काढल्या. पहिल्या ओळीत तेच पुस्तक. मशीन एकेक कागद बाहेर टाकत होतं, गरम गरम. मी ते गोळा करत होते. थांबवू शकत नव्हते. मी नसते काढल्या तर शेजारच्या दुकानात निघाल्या असत्या.

आणि परवा मिसचा फोन आला.

"हौसा बोलतेस ना? ओळखलंस का?"

ओळखलं, मी म्हणाले.

"अगं, शाळेत वाचन सप्ताह आहे. त्याच कादंबरीवर. मी सगळ्यांना सांगितलंय, आमची हौसा ग्रॅज्युएट झाली! मुलांना तुला बघायचंय. वहिनीसाहेबही येणार आहेत. ती साडी आहे ना गं अजून? घेऊन ये. छोटासा प्रवेश कर. मजा येईल पोरांना."

तिच्या आवाजात माया होती. खरी माया. तीच जास्त लागली. शिवी दिली असती तर उलटी शिवी देता आली असती.

"येते," मी म्हणाले.

मायला सांगितलं. तिनं चाळणी खाली ठेवली. "कावून उकरती गं? झालं की समदं."

"झालं न्हाई माय."

"मला नगं नेऊ मातर," ती म्हणाली.

नेणार नाही. तिला परत त्या मंडपात उभं करायचा हक्क मला नाही. साडीही नेणार नाही. मी गेल्यानं काय होईल, हे मला चांगलं माहीत आहे. पुस्तक यादीत राहील. पुढच्या वर्षी परत झेरॉक्स निघतील. कुणाच्या तरी पोरीला मिस मायेनं उभं करील आणि म्हणेल, तुझ्याशिवाय कोण करणार. माय ती साडी नेसणार नाही. यातलं एकही माझ्या हातात नाही.

माझ्या हातात एवढंच आहे, की वहिनीसाहेबांनी भर मंडपात मला एक सवाल विचारला होता आणि त्याचं उत्तर द्यायचं राहिलं आहे. कुठून शोधलीस ही साडी?

मी जाणार. माझ्या स्वतःच्या कपड्यात, स्वतःच्या नावानं. माईक हातात घेणार. प्रवेश करणार नाही. फाटकात चढवायची ती दुसरी बोलीही चढवणार नाही. वहिनीसाहेबांकडं बघून सांगणार: ती माझ्या मायची साडी व्हती. तिच्याजवळच्या समद्या साड्यांत चांगली.

मग हसायचं असंल त्यानं हसावं. मी खाली उतरणार नाही. हसू संपेपर्यंत तिथंच उभी राहणार, आणि हसू संपलं की तेच परत सांगणार.