तीन बोटांचा ब्लूज

नाशिकहून गाडी सुटली तेव्हा गिटार मांडीवर होती आणि डावा हात मी ओढणीखाली लपवला होता. गेले काही महिने त्या हाताची अनामिका तारेवर ठेवली की आपोआप आत वळते आणि सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, नसेचं आहे, कधी बरं होईल सांगता येत नाही. बँडमधल्या कुणालाच मी हे सांगितलं नव्हतं. संध्याकाळी डोंबिवलीत कार्यक्रम होता. पण मी आधी ठाण्याला उतरले, अंकलकडे.

टेंभी नाक्यावरून रिक्षा आत वळली की जुनी बैठी घरं लागतात. अंकल तिथल्या ख्रिस्ती वस्तीतले. लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, त्या मिरवणुकीत ते आयुष्यभर गिटार वाजवत आले. ठाण्यात कॉलेजला असताना त्यांच्याकडच्या कॅसेटवर मी पहिल्यांदा ब्लूज ऐकला, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं संगीत. तार ओढून सूर रडवायचा कसा, हे त्यांनी मला शिकवलं. पुढे मी त्याला ढोल-ड्रम्स आणि मोठा आवाज जोडला, गावोगाव वाजवलं. पण माझ्या प्रत्येक सुरात ते होतेच.

दार आंटीने उघडलं. “ये गो बाय. घाबरू नको हां त्यांना बघून.”

अंकल खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडला होता. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि मला पत्ताच नव्हता. ‘काही होत नाही तुला’ एवढंच ऐकायला मी आले होते. त्या हाताकडे बघून मी माझा हात पुन्हा ओढणीखाली घेतला.

आंटीने फुगिया (आंबवलेल्या पिठाचे तळलेले पोकळ गोळे) आणि झणझणीत मटण वाढलं. जेवता जेवता मी बोटाचं सांगितलं.

“दाखव,” अंकल जड जिभेने म्हणाले.

मी वाजवलं. चौथ्याच सुराला बोट वळलं. अंकलनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून दाखवला.

“त्या बोटाची वाट बघू नको, गो. मी या हाताची बघत बसलो. सगळा उन्हाळा गेला.”

याहून भीतिदायक वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

शिळफाट्यावरून टॅक्सीने डोंबिवली गाठली. कारखान्यांच्या पट्ट्यात नाकात झोंबणारा वास आला. ड्रायव्हरने काचा वर केल्या. “रोजचंच आहे मॅडम,” तो म्हणाला, पण त्याने वेग वाढवलेला मला कळला.

हॉल भरलेला होता. पहिलं गाणं निभावलं. दुसऱ्याच्या मध्यात, जिथे सगळे माझ्याकडे बघतात तिथेच, बोट आत गेलं. गिटार थांबली. बँडमधला समीर बास गिटार वाजवता वाजवता जवळ सरकला.

“काय झालं?”

“बोट चालत नाहीये.”

“कुठलं?... अगं, बोल ना!”

“करंगळीजवळचं. समीर, स्लो कर. एकदम स्लो.”

त्याने लय खाली आणली. मी उरलेल्या तीन बोटांनी वाजवू लागले. भरभर काहीच जमत नव्हतं. एक सूर लावायचा, तो विझेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. कुणीतरी हसेल, उठून जाईल, असं शेवटपर्यंत वाटत राहिलं. कुणी उठलं नाही.

नंतर एक आजोबा भेटायला आले. “मध्ये तुम्ही फार थांबत होतात. मला माझी बायको आठवली,” म्हणाले आणि निघून गेले.

समीर मात्र चिडला होता. “एवढी घाबरलेलीस, तर आधी सांगायचंस ना यार!”

सकाळी कल्याणहून परतीची गाडी धरली. शहाडनंतर उल्हास नदी लागली, गढूळ, भरलेली. मी बरी झालेले नाही. उद्या दुसरं बोट वळेल, परवा कदाचित हातच. ती भीती माझ्यासोबत घरी येत होती. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं दुःख कॅसेटवरून शिकून वाजवत होते. काल पहिल्यांदा माझं स्वतःचं वाजवलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. तरी वाजवलं.

घरी आईने विचारलं, “कसा झाला कार्यक्रम?”

‘मस्त’ म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, “आई, जरा बस इथे. माझा हात बघ.”