बारा हजारांची सवलत

आमच्या तालुक्याच्या गावात एखाद्याबद्दल सगळ्यात चांगलं काही सांगायचं असेल, तर म्हणतात, ‘पोरगं सेटल झालं.’ नोकरी, लग्न, डोक्यावर छप्पर, सगळं त्या एका शब्दात येतं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मला कळला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि बेलापूरच्या एका बँकेत गृहकर्जाच्या टेबलासमोर बसलो होतो.

उलव्याला एक जुना वन बीएचके बघून ठेवला होता. मालक निवृत्त होऊन कोकणात परत चालले होते. त्यांनी पन्नास हजार टोकन घेतलं आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत दिली. टोकनचे पैसे आईचे होते. ती अंगणवाडीत मदतनीस होती. नोकरी संपताना जे एकरकमी हाती आलं, त्यातले तिने न मोजता दिले. गावातली तिची भाड्याची खोली पाडून मालक तिथे दुकानं काढणार होता. म्हणजे पंचेचाळीस दिवसांत कर्ज झालं, तर आई गावाकडून थेट स्वतःच्या घरात उतरणार होती. तसं मी तिला फोनवर सांगूनही टाकलं होतं. तिने डबे-भांडी वाटून टाकायला सुरुवात केली होती.

टेबलापलीकडची मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तिने स्क्रीनकडे बघत सांगितलं, “सर, तुमचा क्रेडिट स्कोअर सहाशे अकरा येतोय. आमच्याकडे साडेसातशेच्या खाली फाइल पुढे जात नाही.”

“पण मॅडम, माझ्यावर कुणाचं एका रुपयाचंही देणं नाही. एक क्रेडिट कार्ड होतं, तेही मी सेटल केलंय.”

हे मी अभिमानाने म्हणालो. अजून आठवलं की कान तापतात.

“तोच प्रॉब्लेम आहे ना, सर,” ती म्हणाली. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. कार्डाच्या ओळीत शेवटी लिहिलं होतं, सेटल्ड. “याचा अर्थ तुम्ही पूर्ण पैसे भरले नाहीत. बँकेने थकून जेवढे मिळतील तेवढे घेतले आणि बाकीचे सोडून दिले. पूर्ण भरले असते तर इथे क्लोज्ड आलं असतं.”

“पण माझ्याकडे पूर्ण पैसे होते,” मी म्हणालो.

तिने स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. तिला ते खरं वाटलं नसावं. पण ते खरं होतं, आणि माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

झालं होतं ते असं. माझी पहिली कंपनी महाप्याला होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी कार्डावर केलं आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने गाशा गुंडाळला. चार महिने पगार नव्हता. व्याज आणि दंड धरून कार्डाची रक्कम एकतीस हजारांवर गेली. बेलापूरला नवी नोकरी लागल्यावर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ते एकतीस हजार जमवले आणि वसुलीवाल्याला स्वतःहून फोन लावला. त्यांचे फोन चुकवणारा माणूस मी नव्हतोच.

“सर, एकतीस कशाला भरता?” तो म्हणाला. “एकोणीस भरा. सेटल करून टाकतो. बारा हजारांची सवलत मिळतेय, आजच्या आज घ्या. विषय कट.”

सवलत. हा शब्द त्याने दुसऱ्या कुणाला ऐकवला असता, तर त्या माणसाने कदाचित विचारलं असतं, का बुवा? फुकट का देतोस? मी नाही विचारलं. कारण मी सवलतीवरच शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. शाळेतल्या एका सरांनी माझा ईबीसीचा फॉर्म स्वतः भरला, तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणायला स्वतःच्या मोटरसायकलवर नेलं. फीमाफी, पुस्तकपेढी, वसतिगृहात अर्धी खानावळ. सवलत म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी केलेलं चांगलं काम, ती नाकारायची नसते, घेऊन आभार मानायचे असतात, हे माझ्या अंगात मुरलं होतं. त्या सरांचे उपकार मी जन्मभर मानीन. पण त्या वसुलीवाल्याचेही मी आभार मानले! “थँक यू सर, देव तुमचं भलं करो,” असं म्हणालो मी. खात्यात एकतीस हजार पडून असताना. त्याला त्या महिन्याचं टार्गेट पूर्ण करायचं होतं. आणि त्या एकोणीस हजारांच्या पावतीवर, ईमेलमध्ये, कुठेही एक ओळ नव्हती की बाबा रे, हे घेतलंस तर पुढची कित्येक वर्षं तुझ्या नावापुढे डाग राहील. सिगारेटच्या पाकिटावर तरी चित्र असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला हे सांगितलं, तर तो खुर्चीतून पडायचा बाकी राहिला.

“म्हणजे तू ऑफिशियली सेटल झालास! पेढे कुठायत?”

“मस्करी नको यार. चाळीस दिवस उरलेत.”

“अरे टेन्शन नको घेऊस. दुसऱ्या बँका मेल्यात का?”

त्याच्यावर मी रागावलो नाही, कारण त्याच्या आधी माझ्याच मनात तेच आलं होतं. आमच्याकडे डी.एड.ला, पोलीस भरतीला, तलाठ्याला, सगळीकडे एकदम अर्ज टाकायची पद्धत. पाच ठिकाणी टाक, एक तरी लागेल. मी एका रविवारी मोबाइलवरून पाच बँकांना अर्ज केले. पाचही नाकारले गेले. परत बेलापूरला त्या मुलीकडे गेलो, तर स्कोअर पाचशे ब्याऐंशी.

“सर, हे काय केलंत?” आता तीच चिडली होती. “प्रत्येक बँक तुमचा रिपोर्ट मागवते, ते सगळं नोंद होतं. एका आठवड्यात इतके अर्ज म्हटल्यावर माणूस पैशांसाठी घायकुतीला आलाय असं दिसतं.”

“मी घायकुतीला आलोच आहे, मॅडम.”

मग तिने कागदाच्या मागच्या बाजूला मला लिहून दिलं, जे शाळेपासून पदवीपर्यंत कुणी शिकवलं नाही. आता कुठेही अर्ज करू नका. राहिलेले बारा हजार त्या कार्डाच्या बँकेत भरा, काही बाकी नसल्याचं पत्र घ्या, नोंद क्लोज्ड करायला लावा. नवं छोटं कार्ड घेतलंत तर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वापरा आणि बिल आलं की पूर्ण भरा. उशिरा भरल्याच्या जुन्या नोंदी पुसल्या जाणार नाहीत, पण त्यांचं वजन हळूहळू कमी होईल. वर्षातून एकदा स्वतःचा रिपोर्ट फुकट मिळतो, तो वाचा. स्वतः बघितल्याने स्कोअर घटत नाही. पाच मिनिटांचं काम होतं तिचं. पंधरा वर्षांच्या माझ्या शिक्षणात ही पाच मिनिटं कुठेच बसली नव्हती. मला चक्रवाढ व्याजाचं सूत्र अजून पाठ आहे.

बारा हजार घेऊन मी कार्डाच्या बँकेत गेलो. तिथला माणूस म्हणाला, “तुमच्या खात्यावर बाकी शून्य आहे. पैसे घेऊ कशात?”

“बाकी शून्य आहे, तर मग मी पैसे बुडवले असं तुम्ही वर का कळवलंत?”

“ते सिस्टीमने गेलं.”

“सिस्टीमला सांगा की मी पैसे घेऊन समोर उभा आहे.”

“आवाज खाली ठेवा.”

आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी आवाज खाली ठेवायला सांगितलं. मी ठेवला नाही. पण आवाजाने काही झालं नाही. तक्रार, तक्रारीचा नंबर, दुसरी तक्रार, बँकिंग लोकपालाकडे जाईन असं लिहिल्यावर एक फोन, मग एकदाचे त्यांनी ते बारा हजार घेतले. पत्र हातात पडलं तेव्हा पंचेचाळीस दिवस उलटून नऊ दिवस झाले होते. उलव्याचा फ्लॅट दुसऱ्याला गेला होता. मालक भला माणूस. टोकन पूर्ण परत केलं. “माझाही नाइलाज होता हो,” म्हणाले. त्यांच्यावर कसा रागावणार?

आई दोन पिशव्या आणि एक ट्रंक घेऊन आली ती तळवलीला, माझ्या भाड्याच्या एका खोलीत. मी तिला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, “पैसे होते तर भरले का न्हाईत रे?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने उरलेले डबे खिडकीत लावायला घेतले.

घरमालकीण मावशी तळवलीच्याच, सात पिढ्यांच्या. सगळं ऐकून त्यांनी मला झापलं. “तू बँकेला वलखत नाय, बँक तुला वलखत नाय, अन् कागद करतस! आमी पोरीचं लगीन जमवताव तं चार वेला पोराचे घरा जाऊन येताव. इचारताव, हे काय हाय, ते काय हाय. तुला त्वांड नव्हतं का रं?”

तोंड होतं. ते मी आभार मानायला वापरलं.

नोंद क्लोज्ड झाली. स्कोअर वर यायला मात्र चौदा महिने लागले, दर महिन्याला बारा-तेरा पावलं, कधी एखादं पाऊल मागेही. उलव्यातच दुसरा फ्लॅट मिळाला, पहिल्यापेक्षा लहान, स्टेशनपासून लांब आणि चार लाखांनी महाग. ती बारा हजारांची सवलत मला चार लाखांना पडली, आणि आईने चौदा महिने काढले एका खोलीत, पोराच्या पलंगाखाली ट्रंक सरकवून. याची नोंद कुठल्याच रिपोर्टात नाही.

कर्ज मंजूर झालं त्या दिवशी करारावर सही करायला बोलावलं. ती मुलगी बदलून गेली होती. नवा माणूस घाईत होता. त्याने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला, पेन्सिलने फुल्या केलेल्या जागा दाखवल्या. “इथे, इथे, आणि इथे.”

मी पहिलं पान वाचायला घेतलं.

“सर, स्टँडर्ड फॉर्मॅट आहे. सगळेच सही करतात.”

“करू देत. हा शब्द काय आहे?”

त्याने सांगितलं. मी पुढचा विचारला. माझ्या मागे चार माणसं बसली होती. त्यांतल्या एकाने मुद्दाम घड्याळ बघितलं, दुसऱ्याने सुस्कारा सोडला. शेजारी बसलेली आई माझी बाही ओढत पुटपुटली, “साहेबांचा खोळंबा होतोय, लेकरा.”

“होऊ दे,” मी म्हणालो, आणि पान उलटलं.