एकाच वेळी शिरूर आणि पाटस

मी पुण्याहून निघाले तेव्हा डिकीत दोन छोट्या पेट्या होत्या. एका दूध कंपनीच्या शिरूर आणि पाटसच्या डेअऱ्यांवर (तिकडे दूध संकलन केंद्राला डेअरीच म्हणतात) त्या बसवायच्या होत्या. पूर्वी प्रत्येक डेअरीत नेटला रस्ता दाखवणारं एक यंत्र असे आणि पहारा देणारं दुसरं. आता दोन्ही कामं एकत्र करून क्लाऊडमध्ये नेली आहेत; डेअरीत फक्त तिकडे जोडणारी पेटी. म्हणजे राखणदार डेअरीत बसत नाही. लांब कुठेतरी बसतो, कुणालाच ओळखत नाही आणि प्रत्येकाची खात्री करून घेतो. माझं पोट यावर चालतं, त्यामुळे माझं मत चांगलं आहे.

शिक्रापूरला ट्रकांमागे इतका वेळ अडकलो की ड्रायव्हर उतरून मिसळ खाऊन आला. मला विचारलंही नाही. तो राग रांजणगावच्या कंपन्यांच्या बसगाड्या मागे पडेपर्यंत टिकला.

शिरूरला आप्पा भेटले. दोन्ही डेअऱ्यांचे सुपरवायझर, कुणावर आवाज न चढवणारे. तिथली पेटी निमूटपणे बसली.

"पाटसला मी बी येतो," आप्पा म्हणाले. "रस्ता चुकाल."

रस्ता सरळ होता. न्हावऱ्यापुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, पारगावला भीमा ओलांडली. चौफुल्याला पिठलं-भाकरी खाल्ली. मिरची इतकी होती की पाटस येईपर्यंत मी काही बोलले नाही. वाटेत निम्म्या लोकांनी आप्पांना हात केला.

पाटसची पेटी बसली तोवर संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली. किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी. तिथली ऑपरेटर सुनीता संगणकापुढे बसली आणि स्क्रीन लाल झाली. हा माणूस आत्ता शिरूरला काम करतोय, तो पाटसला असू शकत नाही, असा निरोप होता.

"कोण माणूस?" मी विचारलं.

"आप्पा," सुनीता म्हणाली. "आमी समदी आप्पांच्याच नावानं आत जातो. हितं बी, शिरूरला बी."

"का?"

"लोकांचा इस्वास आप्पांवर हाय. आमचं कोण ऐकतंय?"

नोंद झाल्याशिवाय दूध घेता येत नाही आणि टँकर कुणासाठी थांबत नाही. राहिलेलं दूध नासणार. रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "म्याडम, दोन म्हशींचं दूध हाय. माघारी नेऊन काय करू?"

मी पुण्याला आमच्या ऑफिसात फोन लावला. पूर्वी नेटवर्कवाले सिक्युरिटीकडे बोट दाखवायचे आणि सिक्युरिटीवाले नेटवर्ककडे. आता दोन्ही खाती एकाच माणसाकडे आहेत. बोट दाखवायला कुणी उरलं नाही, म्हणून त्याने मला होल्डवर ठेवलं.

मग म्हणाला, "आप्पा नक्की कुठे आहेत ते सांगा. तिथलं चालू करतो, दुसरीकडचं बंद. नाहीतर त्यांचं नाव कायमचं काढू आणि ऑपरेटरना आपापलं देऊ. आप्पा स्वतः संगणकावर बसत नाहीत, त्यांना नवीन मिळणार नाही."

मी हे सगळं आप्पांना सांगितलं. ते पाटसला आहेत म्हणावं तर शिरूरचं दूध अडणार, शिरूरला म्हणावं तर इथलं. आप्पांनी टोपी काढली, परत घातली.

"काढा माझं नाव," ते म्हणाले. "दोन्हीकडनं काढा. दूध जाऊ द्या."

सुनीता पहिल्यांदा स्वतःच्या नावाने आत गेली. मावशी मात्र किटली धरून उभ्याच.

"आप्पा, हिच्या नावावर देऊ का दूध?"

"दे की. मी सांगतोय न्हवं."

टँकर भरून गेला. पाटसहून पुणे हमरस्त्याने जवळ, पण आप्पांना सोडायला आम्ही शिरूरकडून परतलो. काम नियमाप्रमाणे झालं होतं आणि मला वाईट वाटत होतं. एवढ्या वर्षांत ज्या नावाला कुणी हरकत घेतली नव्हती, ते मी एका फोनवर पुसून आले होते. हे मी आप्पांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "ऊस लई हाय औंदा."

शिरूरला दूध कधीच गेलं होतं. तिथला ऑपरेटर पाइप धरून फरशी धूत होता. आप्पा गाडीतून उतरताना त्याने विचारलं, "आप्पा, कुठं व्हता?"

"पाटसला," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "फकस्त पाटसला."