बंद खात्यातलं वाचलेलं पत्र

१९९८च्या हिवाळ्यात, नेवासा तालुक्यातल्या एका कॉलेजात, वारलेल्या प्राध्यापकांची ई-मेल कोणीतरी वाचत होतं. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. पत्रं येत राहिली आणि प्रत्येकावर 'वाचले' अशी खूण पडत राहिली.

कॉलेजची ई-मेल ज्यावर चाले तो लिनक्स सर्व्हर मी सांभाळत होतो. फाइलींची यादी काढली. सगळ्यांच्या मेलबॉक्स सगळ्यांना खुल्या होत्या. हे काम प्रयोगशाळेतल्या सहायकाचं. तो शनिशिंगणापूरचा.

"व्हय सर, मीच केलं. मेलचा प्रोग्राम सारखा 'परवानगी नाही' म्हनायचा. मग समद्यांनाच देऊन टाकली."

"घराला दार नाही, म्हणून इथलंही काढलंस?" हेडक्लार्क म्हणाले. "तिथं शनिदेव राखतो बाबा. इथं कोण?"

"चोरी झाली का पन, भाऊसाहेब? आन् सरांची पत्रं मी न्हाई वाचली."

प्राचार्यांनी त्याला कामावरून काढायचं पत्र टाइप करून घेतलं. सही शुक्रवारी करणार होते. तोवर त्याला घरी पाठवलं.

बिघाड साधा होता. मेल उघडताना, दोघांनी एकदम लिहू नये म्हणून, प्रोग्राम मेलबॉक्सच्या फोल्डरात एक छोटी कुलूप-फाइल बनवतो; तेवढी परवानगी त्या फोल्डरावर नव्हती. ती दिली. प्रत्येक मेलबॉक्स तिच्या मालकापुरती केली. प्रोग्राम सुरळीत चालला. प्राध्यापकांचं खातं बंद केलं: पत्र येईल, पण आत कोणी शिरू शकणार नाही. कुठलीही मेलबॉक्स उघडणारा सर्व्हरचा मुख्य पासवर्डही बदलला. तो कुठेही लिहून ठेवला नाही.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता प्राध्यापकांच्या पत्त्यावर मी एका ओळीचं पत्र पाठवलं: 'चाचणी'. ते पोचलं. 'नवीन' दिसत होतं. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावून किल्ली घरी नेली.

शुक्रवारी साडेनऊला कुलूप काढलं. पत्रावर 'वाचले' अशी खूण होती. वेळ सकाळी सात दहा. प्राध्यापक रोज सातच्या एस.टी.तून उतरत.

हेडक्लार्कांनी शिंगणापूरच्या एका दुकानात फोन लावला. सहायक सकाळी सहापासून तिथं नारळ उतरवत होता.

"पासवर्ड कुणाकडे?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"आणि किल्ली?"

"तीही."

त्यांनी कामावरून काढायचं ते पत्र फाडलं. सहायक सोमवारी कामावर आला.

प्राध्यापकांच्या मेलबॉक्सची परवानगी मी पुन्हा तपासली. बदललेली नव्हती. वाचणं आणि लिहिणं, फक्त मालकाला.