विवस्त्र किनाऱ्यावरचा डबा

मुलांनो, ही गोष्ट तुमच्या आईनं तुम्हाला सांगितली नसणार. तुम्ही दोघं तिकडे डच गावात, झूटरमेरला, प्राथमिक शाळेत होतात आणि मी तीन महिन्यांसाठी पुण्याहून आले होते.

पहिल्याच आठवड्यात कपड्यांच्या घड्या घालताना तुमच्या आईचा स्विमसूट हातात आला. मी म्हटलं, "हा तुझा होय? मला वाटलं, नातीचा." एवढंच. पण तेव्हापासून तिचं पोहणं बंद झालं. पोहणं म्हणजे तिचा जीव की प्राण. मला चुटपुट लागली, पण मी काही बोलले नव्हते ना? इंग्रजी शिकलेल्या सासवा काही बोलत नाहीत.

जुलैत फार उकडायला लागलं, तेव्हा तुम्हाला शाळेत सोडून ती मला समुद्रावर घेऊन गेली. तिथे गर्दी. चादरीची आणि डब्याची पिशवी घेऊन मी पुढे चालत राहिले, ती बाकीच्या पिशव्या घेऊन मागे. वाटेत डच भाषेतला एक मोठा बोर्ड लागला. बोर्ड दिसला की मला बरं वाटतं. जागेला नियम आहेत म्हणजे जागा सभ्य.

वारा होता, म्हणून आधी चादर अंथरली, चारी कोपऱ्यांवर चपला आणि बाटल्या ठेवल्या, डबा उघडला. मग वर पाहिलं.

शेजारी माझ्याच वयाचं एक जोडपं शब्दकोडं सोडवत होतं. अंगावर दोघांच्या मिळून दोन टोप्या. पलीकडेही तेच, टोप्या वगळून.

तुमची आई धापा टाकत आली. "आई, बोर्ड वाचला नाहीत का? चला, उठू या."

"डबा उघडलाय," मी म्हटलं.

आता डबा उघडला की शेजाऱ्याला विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. शेजाऱ्यानं काय घातलेलं असावं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी दोन थालीपिठं कागदावर घेतली आणि नजर टोपीवर ठेवून बाईंना दिली. त्यांनी आवडीनं खाल्ली. मग इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला फार उकडत असेल ना?" सगळ्या किनाऱ्यावर पाहण्यासारख्या आम्ही दोघीच होतो. मी साडीत आणि पायमोज्यांत, तुमची आई गळाबंद कुडत्यात.

बाई तिच्याशी डचमध्ये काही बोलल्या. तिनं उत्तर दिलं, आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही, आई."

"सांग."

"तुला पोहता येत नाही का, म्हणाल्या. मी म्हटलं, येतं. आतून स्विमसूट घातलाय. पण आज सासूबाई बरोबर आहेत."

मी थालीपिठाचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. क्षमा मागायची मला सवय नाही, हे तुम्ही जाणताच.

"जा," मी म्हटलं. "इथं स्विमसूटमध्ये तूच सोवळी दिसशील."

ती इतक्या जोरात हसली की शब्दकोडंवाल्यांनीही मान वर केली. मग पळाली, आणि दूरवर पोहत गेली. मी तिचा कुडता मांडीवर घेऊन राखण करत बसले. जिथे कोणालाच कपडे नको होते, तिथे.

संध्याकाळी स्विमसूट मीच पिळला आणि रस्त्याकडच्या बाल्कनीत माझ्या साडीशेजारी वाळत घातला. तुमच्या बाबांनी विचारलं, समुद्र कसा होता. "वारा फार," मी म्हटलं.